ऑपरेशन आधी का नाही?

आधी तीन किमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन किमो. डॉक्टरांनी सांगितलेला हा क्रम आमच्या घरात कुणालाही पटला नव्हता. "गाठ आहे ना पोटात? मग काढून टाका की आधी. ती तशीच ठेवून औषधं कसली देत बसायची?" असं माझे थोरले दीर म्हणाले. माझ्या भावाचं तेच, शेजारच्या वहिनींचंही तेच. सुरुवातीला माझ्याही मनात हेच होतं. ओव्हरीचा कॅन्सर पसरल्यावर सापडला, की ऑपरेशन कधी करायचं हा प्रश्न बहुतेक घरांत असाच पेटतो. पेशंटच्या अंगात त्राण नसतं आणि भोवती माणसं वाद घालत असतात. आमच्याकडे जे झालं, जे डॉक्टरांनी समजावलं आणि जे मी स्वतः वाचून पडताळलं, ते सगळं म्हणूनच लिहून काढते आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात माझं वजन उतरत होतं आणि परकराची नाडी मात्र घट्ट होत चालली होती. दोन घास खाल्ले की पोट तट्ट फुगायचं. लघवीला सारखं जावं लागायचं. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, मग सीटी झाला, आणि पुढचं सगळं भराभर घडत गेलं. दोन्ही ओव्हरींवर गाठी, ओमेंटम म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा जाड होऊन कडक झालेला, यकृताच्या वरच्या बाजूला डायफ्रामवर म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्यावर थर, उजव्या छातीत पाणी. सीए-१२५ ही रक्तातली खूण ३५ च्या आत असावी लागते, माझी २,१४० होती. छातीतलं पाणी काढून तपासलं, त्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. त्यामुळे स्टेज चौथी ठरली. ओमेंटमची सुईने बायोप्सी झाली. रिपोर्टवर हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरचा वेगाने वाढणारा प्रकार, असं लिहिलं होतं.

त्यानंतरची सर्जन मॅडमची भेट मला आजही शब्दन् शब्द आठवते. सोबत हे होते, मुलगा होता आणि हट्टाने आलेले दीर होते. मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला, प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर पोटाचं चित्र काढलं आणि पेनाने त्यावर टिंबं द्यायला सुरुवात केली. "काकू, तुमच्या ओव्हरीच्या गाठी काढणं हा यातला सोपा भाग आहे. अडचण इथे आहे." छोट्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यावर त्या टिंबं देत होत्या. साबुदाणा सांडावा तसे दाणे तिथे पसरले होते. मोठ्या आतड्याचा एखादा भाग कापून जोडता येतो, डायफ्रामवरचा थर सोलून काढता येतो, पण छोट्या आतड्याचा सगळा पडदा दाण्यांनी भरलेला असेल तर तो काढून माणूस जगवता येत नाही. मग दिरांकडे वळून त्या म्हणाल्या, "या आजारात अर्धवट ऑपरेशनचा उपयोग जवळपास शून्य. डोळ्यांना दिसेल असं काहीही मागे राहता कामा नये. ते आज मला जमणार नाही. तीन किमोनंतर जमेल असं वाटतं."

दुसरं कारण माझी तब्येत. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.६ पर्यंत खाली आलेलं, पोटात आणि छातीत पाणी, आडवं झोपलं की धाप. अशा शरीरावर सात-आठ तासांचं ऑपरेशन केलं, तर जखम भरत नाही, आतड्याचा जोड सुटू शकतो, इन्फेक्शन होतं. आणि त्यात महिना-दोन महिने गेले की किमो लांबते. किमो लांबली की उरलेला आजार मोकाट सुटतो. म्हणजे ऑपरेशन आधी केलं म्हणून आजार आधी आटोक्यात येतो, असं गणित नाही.

दिरांनी तिथेच विचारलं, "पण मॅडम, तोवर पसरलं तर?" त्यांचा प्रश्न योग्य होता आणि मॅडमनी तो झटकला नाही. किमो संपूर्ण शरीरात जाते, छातीतल्या पाण्यातही, जिथे सर्जनचा हात पोचणार नाही. ऑपरेशनच्या आधी किमो दिली म्हणजे उपचार पुढे ढकलले असं होत नाही. उपचार त्या दिवसापासूनच सुरू होतात.

माझी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. आकडे हातात आल्याशिवाय मला चैन पडत नाही. मुलाने मला मूळ शोधनिबंधांचे सारांश काढून दिले. २०१० साली निकाल आलेल्या, युरोप आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीत ६७० बायकांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. एका गटाचं ऑपरेशन आधी, दुसऱ्या गटाला तीन किमो आणि मग ऑपरेशन. आयुष्यमानात फरक पडला नाही. पहिल्या गटाचा मध्यक २९ महिने, दुसऱ्याचा ३०. पण ऑपरेशन आधी केलेल्यांपैकी साधारण पाचात एकीच्याच पोटातला दिसणारा सगळा आजार निघाला, किमोनंतर केलेल्यांत मात्र निम्म्या बायकांचा. ऑपरेशननंतर महिन्याभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात २.५ टक्के होतं, दुसऱ्यात ०.७. पुढे २०१५ साली ब्रिटन आणि न्यूझीलंडच्या चाचणीतही दोन्ही गटांचं आयुष्यमान सारखंच निघालं.

ते ३० महिने वाचून ह्यांचा चेहरा उतरला. दहावीच्या मुलांना मी जे फळ्यावर शिकवलं, तेच मी त्यांना जेवणाच्या टेबलावर शिकवलं. मध्यक ३० म्हणजे सगळ्या ३० महिन्यांनी जातात असं नव्हे. निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या, काही कितीतरी जास्त. शिवाय त्या बायका जेव्हा उपचार घेत होत्या, तेव्हा आजची बरीच औषधं नव्हती. हे कळलं की आकड्यांची भीती पुरती जात नाही, पण त्यांच्याकडे बघायचं कसं ते कळतं. रिपोर्टमधले आकडे पेशंटपासून लपवणाऱ्या घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: लपवू नका, नीट समजावून सांगा.

दुसरं मत घ्यायचं ठरलं. मला प्रवास झेपणार नव्हता. हे आणि मुलगा बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉक आणि सीटीची सीडी घेऊन सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने दादरला उतरले आणि परळला टाटात दाखवून आले. तिथेही हाच क्रम सांगितला. दुसरं मत घेतलं म्हणून सर्जन मॅडमना जराही वाईट वाटलं नाही. उलट त्यांनीच सगळे कागद व्यवस्थित लावून दिले होते. दुसऱ्या मतासाठी उपचार किती थांबवायचे याची मर्यादा मात्र त्यांनी घालून दिली: आठवडाभर, त्याहून जास्त नाही.

विम्याचं वेगळंच. 'ऑपरेशनआधी किमोची गरज काय' असा प्रश्न त्यांच्याकडूनही आला आणि कॅशलेसची मंजुरी अडकली. ऑन्कॉलॉजिस्टनी पत्र लिहून दिलं, तेव्हा सुटली. ज्यांना यातून जायचं आहे त्यांनी हे पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्यावं.

पहिली किमो जूनमध्ये झाली. पॅकलिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी. आधी अ‍ॅलर्जी येऊ नये म्हणून स्टेरॉइड आणि एविलची इंजेक्शनं, त्यांनी डोळे मिटायला लागतात. मग तीन तास पॅकलिटॅक्सेल, त्यानंतर कार्बोप्लॅटिन. कार्बोप्लॅटिनचा डोस वजनावर नाही तर किडनी किती काम करते त्यावर ठरतो, हे मला नवीन होतं. किडनीच्या क्षमतेच्या आकड्यात २५ मिळवायचे आणि ठरलेल्या संख्येने गुणायचं. सिस्टरने सलाईन लावेपर्यंत मी ते मनात करून बघितलं.

त्रास झाला. तिसऱ्या दिवसापासून पायांच्या नळ्या ठणकायच्या, रात्री हे बसून पाय दाबायचे. तोंडाची चव गेली. तिसऱ्या आठवड्यात केस हातात यायला लागले, तेव्हा लेकीने बाल्कनीत बसवून सगळे काढून टाकले. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या त्या आजही पूर्ण गेलेल्या नाहीत. पांढऱ्या पेशी खाली गेल्या, की त्या वाढवायची इंजेक्शनं दंडात.

पण पहिल्याच किमोनंतर दोन आठवड्यांच्या आत मला उताणं झोपता आलं. कित्येक दिवसांनी. पोट सैल पडलं, अर्धी भाकरी पूर्ण गेली. त्या रात्री मला या क्रमाचा अर्थ जो कळला, तो कुठल्याही चित्राने कळला नव्हता. छातीत पाणी असताना मला टेबलावर घेतलं असतं तर काय झालं असतं, हा विचार करून अंगावर काटा आला.

हे तीन महिने हातावर हात ठेवून बसण्याचे नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी रोजची प्रथिनं ठरवून दिली. आमचं घर शाकाहारी. डाळ, पनीर, ताक, सोयाबीन सगळं झालं तरी आकडा भरेना. शेवटी सासूबाईंनी स्वतः सांगितलं, "अंडं उकडून खा. घरात उकड, बाहेर कशाला." त्यांचं वय ८४. त्या वाक्याचं मोल मलाच ठाऊक. सर्जनकडून श्वासाचं ते तीन चेंडूंचं यंत्र आधीच आणलं होतं. सुरुवातीला एकच चेंडू हलायचा. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तिन्ही वर जाऊन क्षणभर टिकायचे. सकाळी सदाशिव पेठेतून पेरूगेट ओलांडून चालत जाऊन यायचे, वाढवत वाढवत. अल्ब्युमिन ३.७ झालं.

सीए-१२५ चे आकडे मी आलेखकागदावर मांडत होते. २,१४०, मग ९१०, मग २६५, मग ७४. नुसते मांडले तर वक्र येतो. लॉगरिदम घेऊन मांडले तर उताराची जवळपास सरळ रेष. ऑन्कॉलॉजिस्टना तो कागद दाखवला तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर केलिम नावाचा हिशेब उघडून दाखवला. पहिल्या शंभर दिवसांत ही खूण किती वेगाने उतरते त्यावरून आजार किमोला किती दाद देतो याचा अंदाज येतो. एकच्या वर आकडा आला तर चांगलं. माझा आला होता.

आणि आता घरातला वाद उलटा फिरला. सीटीमध्ये गाठी आकसलेल्या, छाती कोरडी, मी हिंडतेफिरते. दीर म्हणाले, "एवढं छान लागू पडतंय तर किमोनेच जाऊ दे की सगळं. पोट फाडायचं कशाला?" जे आधी ऑपरेशन मागत होते तेच आता नको म्हणत होते, आणि दोन्ही वेळा मायेनेच. त्यांना मी दोष देत नाही. माझाही धीर सुटत होता.

मॅडमनी ही वेळ का निसटू द्यायची नाही ते सांगितलं. किमोने आजार आकसतो, पण संपत नाही. आतड्यांच्या घड्यांत, चट्ट्यांच्या खाली पेशी शिल्लक राहतात आणि किमो देत राहिलं तर त्यातल्या चिवट पेशीच उरतात. मग औषध लागू पडेनासं होतं. म्हणून चांगली दाद मिळत असेल तर तीन, फार तर चार किमोनंतर ऑपरेशन करायचं. शेवटच्या किमोनंतर तीन-चार आठवडे थांबायचं, कारण तोवर रक्तातल्या पेशी भरून येतात. त्याहून जास्त थांबलं तर आजाराला सवड मिळते. खिडकी एवढीच असते.

पोटात गरम किमो फिरवण्याबद्दल आम्ही विचारलं, कारण पुण्यात त्याच्या बऱ्याच जाहिराती कानावर येतात. नेदरलँड्सच्या तिच्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले, २४५ बायकांवरची, आणि तीन किमोनंतरच्या ऑपरेशनमध्ये त्या गरम किमोचा फायदा दिसला. पण त्या बायका तिसऱ्या स्टेजच्या होत्या. माझ्या छातीत पेशी सापडलेल्या. मॅडम म्हणाल्या, तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही. जो सर्जन एखादी महागडी गोष्ट नको म्हणतो, त्याच्यावर माझा विश्वास दुणावतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक सिस्टर आल्या, मला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं आणि मार्करने पोटावर दोन ठिकाणी गोल काढले. गरज पडली आणि आतडं बाहेर काढून पिशवी लावावी लागली, तर ती साडीच्या निऱ्यांखाली येऊ नये, पोटाच्या घडीत बसू नये, माझी मला दिसावी, एवढा सगळा विचार त्या दोन गोलांमागे होता. मी आतून हादरले, पण त्या बाईंच्या हातांनी फार धीर दिला. पिशवीची वेळ आली नाही.

छातीच्या खालपासून ओटीपोटापर्यंत छेद. गर्भाशय, दोन्ही ओव्हरी आणि ट्यूब, ओमेंटम, अपेंडिक्स, उजव्या डायफ्रामवरचा थर. छोट्या आतड्याच्या पडद्यावरचे दाणे बहुतेक विरघळलेले, उरलेले एकेक करून काढता आले. बाहेर येऊन मॅडमनी ह्यांना सांगितलं, "दिसणारं काहीही मागे ठेवलेलं नाही." मला ते दुसऱ्या दिवशी आयसीयूत कळलं. पाठीतल्या नळीतून औषध चालू होतं, तरी खोकला आला की जीव जायचा. तेव्हा उशी पोटावर आवळून धरायला फिजिओथेरपिस्टने शिकवलं.

छेदाचं खालचं टोक मात्र भरेना. पाणी यायचं. रोज ड्रेसिंग. चौथी किमो ऑपरेशननंतर चार आठवड्यांच्या सुमारास ठरलेली आणि नेमका तो अनंत चतुर्दशीचा दिवस. आमच्या पेठेतून त्या दिवशी गाडी बाहेर निघणं अशक्य. आदल्या रात्रीच दाखल व्हायचं का, यावर घरात खलबतं. मी घाबरून ऑन्कॉलॉजिस्टना फोन केला. ते म्हणाले, "काकू, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. आठवडे गेले तर बिघडतं. सहा आठवड्यांच्या आत सुरू झालं पाहिजे, तुम्ही खूप आत आहात. विसर्जन होऊ दे, जखमही दोन दिवस कोरडी होऊ दे, मग या." कुठली घाई खरी आणि कुठली नुसती काळजी, हे त्या फोनवर मला उमगलं. रात्रभर ढोल ऐकत मी शांत झोपले. दोन दिवसांनी किमो लागली. वर्ष संपायच्या आत सहाही झाल्या. सीए-१२५ ११ वर आलं.

नंतर, २०२५ मध्ये, आणखी एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ६८८ बायका, आणि ऑपरेशन करणारी केंद्रं निष्णात म्हणून पारखून घेतलेली. ऑपरेशन आधी केलेल्यांचा मध्यक ५४ महिने, किमो आधी घेतलेल्यांचा ४८. आयुष्यमानातला हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतपतच होता, आजार परत यायला लागलेला वेळ मात्र आधी ऑपरेशन केलेल्यांत खरोखर थोडा जास्त होता. वाचून चार दिवस माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मग मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या चाचणीत घेतलेल्या बायका धडधाकट होत्या आणि त्यांचा सगळा आजार पहिल्याच फटक्यात निघेल असं आधीच दिसत होतं. "तुमच्यासारख्या अवस्थेतली बाई त्यात घेतलीच नसती." हे मी मुद्दाम लिहिते. तुमच्या घरी कुणाला हा आजार झाला आणि आजार आवरता येण्याजोगा असेल, प्रकृती दणकट असेल, तर ऑपरेशन आधी हाच योग्य सल्ला असू शकतो. माझा क्रम तो तुमचा क्रम असं समजू नका. स्त्रियांच्या कॅन्सरचीच ऑपरेशनं करणारा सर्जन गाठा आणि विचारा: सगळं निघेल असं तुम्हाला वाटतं का, कशावरून वाटतं, आणि आज नाही तर केव्हा.

रक्ताच्या जनुक तपासणीत बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला. त्यामुळे आजार परत येऊ नये म्हणून मला ओलापॅरिबच्या गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून दोनदा, दोन वर्षं. अशाच बायकांवरच्या चाचणीत सात वर्षांनंतर गोळी घेतलेल्यांपैकी ६७ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी साधारण ४७. दर महिन्याला हिमोग्लोबिन बघावं लागतं, थकवा असतो, पण पेरूगेटपर्यंतचं चालणं चालू आहे.

सख्ख्या भावंडांत आणि मुलांत प्रत्येकाकडे हा दोष असण्याची शक्यता साधारण निम्मी असते, म्हणून लेकीची आणि साताऱ्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी करून घेतली. लेकीकडे तो नाही. बहिणीकडे आहे. तिला आजार काहीही नाही, पाळी गेलेली आहे, मुलं मोठी आहेत. दोन्ही ओव्हरी आणि ट्यूब काढून घ्यायचं तिने ठरवलं आहे, आणि दिवाळीनंतर ती त्याच मॅडमकडे पुण्याला येणार आहे.